आजोबांचं बत्तीस बोर आणि आठ वेळा चढवलेला गंज

फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्वाल्हेरच्या पोलीस ठाण्याच्या मालखान्यातून रिव्हॉल्व्हर परत मिळालं तेव्हा हवालदारानं रजिस्टरवर सही घेतली, नंबर जुळवला आणि चामड्याच्या खोळीसकट माझ्यापुढे ठेवलं. मी खोळ उघडली, ओढलं तर निघेना. चामडं आणि लोखंड एकमेकांना धरून बसलं होतं. जरा जोर लावल्यावर निघालं आणि हाताला तपकिरी भुकटी लागली. घरी येईपर्यंत मी रिक्षात एक शब्द बोलले नाही, आई बरोबर होती, तीही नाही बोलली.

आधी थोडं मागचं सांगते. हे माझ्या आजोबांचं, वेब्ले अँड स्कॉट या इंग्रजी कंपनीचं मार्क फोर मॉडेल, पॉइंट ३२, आमच्याकडे सगळे बत्तीस बोरच म्हणतात. आजोबा चंबळ कालव्याच्या कामावर ओव्हरसियर होते, मुरैना-भिंडच्या बाजूला कॅम्प असायचा, जीपमधे मजुरांच्या पगाराची पेटी असायची आणि तो काळ कसला होता ते ग्वाल्हेरच्या माणसाला सांगायला नको. बागी लोकांनी, म्हणजे चंबळच्या डाकूंनी, मुरैनाजवळच्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांपुढे हत्यारं टाकली ती १९७२ मधे, आजोबांनी हे घेतलं १९५८ ला. त्यांनी आयुष्यात माणसावर कधी रोखलं नाही, पण कॅम्पवर उशाशी असायचं एवढं नक्की. त्यांच्यानंतर बाबांच्या नावावर झालं. बाबा दर रविवारी, अगदी दर रविवारी, अंगणात वर्तमानपत्र पसरून ते उघडायचे, डाव्या बाजूचा खटका अंगठ्यानं दाबला की नळी पुढे झुकते आणि सिलिंडरमधला तारा, म्हणजे काडतुसं बाहेर ढकलणारी चकती, वर उचलला जातो, तो आवाज म्हणजे आमच्या घरातला रविवार.

ऑक्टोबर २०२३ मधे विधानसभेची आचारसंहिता लागली, नेहमीप्रमाणे सगळ्यांची हत्यारं जमा झाली, बाबांनीही केलं. ते परत आणायच्या आधीच, जानेवारीत बाबा गेले. मग ते हत्यार तिथंच राहिलं कारण ज्याच्या नावावर लायसन्स तोच नाही. वारसाच्या नावावर लायसन्स मिळतं, २०१६ च्या आर्म्स रूल्समधे तशी सोय आहे, पण दादा पुण्यात, त्याला नको होतं, त्यानं हरकत नाही म्हणून शपथपत्र पाठवलं आणि मी अर्ज केला. पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल, हत्यार हाताळण्याचं ट्रेनिंग सर्टिफिकेट, मधे लोकसभेची आचारसंहिता, वर्ष गेलं त्यात. त्या वर्षात एक अख्खा पावसाळा ते खोळीत बंद राहिलं. मला राग याचा आहे की जमा करताना तेलाचा हात फिरवून, खोळीतून काढून, कागदात गुंडाळून ठेवा इतकं कोणी सांगितलं असतं तरी झालं असतं. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल त्यात राहतात, वर हवेतली ओल ते शोषून घेतं, लोखंडाला ते महिनोन् महिने चिकटून असलं की दुसरं काय होणार. ज्यांच्याकडे जुनं हत्यार आहे त्यांनी खोळ फक्त कमरेला लावण्यापुरती ठेवा, साठवायला नाही.

घरी टेबलावर ठेवून भिंगातून पाहिलं. उजवी बाजू, म्हणजे जी खोळीच्या तळाला होती, तिथं ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा तो निळसर-काळा थर, जवळजवळ नाहीच, राखाडी-तपकिरी खरबरीत, मधेमधे टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. डावी बाजू बरी, तिथं पंखवाली गोळी, ती वेब्लेची खूण, अजून स्पष्ट. सिलिंडरवर रंग विरळ पण लोखंड गुळगुळीत. नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा मुकुट आणि खाली बीएनपी, तो शिक्का इतका छोटा की नखानं झाकला जाईल. हे प्रूफ हाऊस १८१३ पासूनचं आहे, जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी टिकली की मगच हा शिक्का बसतो. आणि फ्रेमवर नंबर, तोच नंबर सिलिंडरवर. मला त्या दिवशीच एक गोष्ट कळली होती, की ही अक्षरं गेली तर बाकी कितीही चकाकलं तरी आजोबांचं ते गेलं.

आता स्वतः काही करायचं का, तर नाही. बाजारात कोल्ड ब्लूची बाटली मिळते, सेलेनियमवालं असतं, पुसलं की मिनिटात काळं होतं, पण ते वरवरचं असतं, हातानं घासून घासून जातं आणि एवढ्या गंजावर तर त्याचा उपयोगच नाही. शिवाय आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ५ असं आहे की दुसऱ्याचं हत्यार धंदा म्हणून दुरुस्त करायलासुद्धा लायसन्स लागतं, तेव्हा गल्लीतल्या बफिंगवाल्याकडे किंवा निकल चढवणाऱ्याकडे हत्यार घेऊन जायचंच नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

पहिल्या ज्या दुकानात गेले तिथं मालकानं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "शीशे जैसा चमका देंगे, चार दिन में ले जाइए." मी विचारलं तुमच्या हातचं एखादं काम दाखवा. त्यानं एक बत्तीस बोरचं दाखवलं, कानपूरचं, सरकारी कारखान्याचं. ते कानपूरवालं मुळात वेब्लेच्या याच मार्क फोरवरून घेतलेलं, म्हणून तुलना करणं सोपं गेलं. लांबून खरंच आरशासारखं. हातात घेतल्यावर पाहिलं तर नळीच्या वरच्या पट्टीच्या कडा ज्या धारदार सरळ असायला हव्यात त्या साबण वापरून झिजल्यासारख्या गोल, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा, आणि कारखान्याचं नाव अर्धवट पुसलेलं. हे बफ मशीनमुळे होतं, कापडाचं चाक मऊ असतं, ते भोकाच्या कडेला आणि अक्षराच्या कडेला जास्त खातं. मी नमस्कार केला आणि हत्यार बॅगेत ठेवून निघाले.

दुसरं नाव मला बाबांच्या एका मित्रानं दिलं, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच, महाराज बाड्याच्या चौकापासून चालत पंधरा मिनिटांवर. म्हातारे गृहस्थ आहेत, सगळे चाचा म्हणतात, त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही कारण त्यांनी तशी विनंती केली. त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी आधी खटका दाबून उघडलं, सहाही घरं रिकामी आहेत ते उजेडाकडे धरून पाहिलं, मग लायसन्स मागितलं, नंबर जुळवला, आणि मग चष्मा चढवून बराच वेळ काहीच बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "बाई साब, इसमें काला करने का काम दस पैसे का है, नब्बे पैसे का काम उससे पहले का है."

मला त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक गरम टाकी. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं मीठ पाण्यात, तापमान साधारण १४० अंश सेल्सियस, त्यात सुटे भाग बुडवायचे, अर्ध्या तासात काळे. कारखाने हेच करतात, टिकाऊ असतं, सगळीकडे एकसारखं होतं. दुसरा रस्ता गंजाचा, म्हणजे मुद्दाम बारीक गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, घासायचा, परत चढवायचा, असं सात-आठ वेळा. जुन्या दुनाळी बंदुकांना हाच करावा लागतो कारण त्यांच्या दोन नळ्या मधल्या पट्टीशी रांग्याच्या डाखानं जोडलेल्या असतात आणि गरम टाकीतला कॉस्टिक तो डाख खाऊन टाकतो. माझ्या रिव्हॉल्व्हरला डाख नाही, तेव्हा टाकी चालली असती. पण चाचा म्हणाले टाकीचं मीठ बारीक फटीत राहून जातं, धुण्यात कसर राहिली तर महिन्या-दोन महिन्यांनी सांध्यातून पांढरी फुलं यायला लागतात, आणि दुसरं म्हणजे टाकीला आरशासारखं पॉलिश लागतं तर ते शोभतं, गंजाच्या ब्लूइंगला उलट जरा खरबरीत अंग लागतं, म्हणजे लोखंड कमी घासावं लागतं, म्हणजे तुमची अक्षरं वाचतात. मी तिथंच ठरवलं.

फक्त एक अट, पाऊस येऊ द्या म्हणाले. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ४५-४६ अंशात हवा इतकी कोरडी असते की गंज नीट धरतच नाही, डाग डाग येतात. म्हणून रिव्हॉल्व्हर घरी कपाटात, तेल लावून, सुती कापडात, आणि आम्ही दोघी आषाढाची वाट बघत बसलो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. दुकानात जमा केलं, त्यांच्या रजिस्टरमधे नोंद, मला पावती, काडतुसं अर्थातच घरी.

सगळं सुटं केल्यावर त्यांनी मला बोलावलं, आणि इथं ती गोष्ट झाली. जुनं ब्लूइंग त्यांनी सिरक्यानं उतरवलं होतं, साधा सिरका, म्हणजे व्हिनेगर, तासाभरात रंग जातो आणि लोखंड उघडं पडतं. उघड्या लोखंडावर नळीच्या डाव्या बाजूला पाच डाग होते. एका ओळीत, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, प्रत्येक डाग करंगळीच्या टोकाएवढा गोल. रंग असताना हे कधी दिसलेच नव्हते. चाचा म्हणाले, "ये तेजाब के छींटे नहीं हैं, छींटे ऐसे लाइन में नहीं गिरते. कोई चीज़ बार-बार एक ही जगह लगी है." मी बघत राहिले आणि मग माझ्याच बोटांना आठवलं. खंडेनवमी. आमच्याकडे दर वर्षी नवमीला पाटावर रिव्हॉल्व्हर, आजोबांची तलवार, बाबांचा स्लाइडरूल, आईची शिवणाची कात्री असं सगळं मांडून पूजा होते, आणि आई ओल्या कुंकवाची पाच बोटं नळीवर उठवते, तिच्या आधी आजी उठवायची, त्याच जागी. दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत ते पुसत नसत. ओलं कुंकू दीड-दोन दिवस, वर्षातून एकदा, साठ-पासष्ट वर्षं.

मी चाचांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, उलट अंगठ्यानं ती ओळ चाचपून पाहिली. विचारलं, "निकाल दूँ? बहुत गहरे नहीं हैं." मी म्हटलं उद्या सांगते.

घरी आईला सांगितलं. मला भीती होती तिला वाटेल की आपण बिघडवलं. ती काही वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "सासूबाईंचं बोट माझ्यापेक्षा जाड होतं." बस एवढंच. सकाळी चहा देताना म्हणाली, "काढू दे त्यांना, लोखंडाला त्रास होतो तर काढू दे."

पॉलिशचं काम सोळा दिवस चाललं आणि एकदाही मशीन लागलं नाही. लाकडाच्या छोट्या चपट्या ठोकळ्यांवर पॉलिश पेपर गुंडाळून, आधी २२०, मग ३२०, शेवटी ४००, आणि हात फक्त नळीच्या लांबीच्या दिशेनं. ठोकळा कडक असतो म्हणून सपाट जागा सपाट राहते, कड कड राहते. अक्षरांजवळ तर काडीएवढा ठोकळा, अक्षराच्या दिशेनं जायचं, आडवं नाही. ४०० च्या पुढे का नाही जात विचारलं तर म्हणाले त्याहून चिकणं केलं तर गंजाला धरायला काही राहत नाही. बिजागरीची खीळ, मागची भिंत जिथं काडतुसाचं बूड टेकतं, सिलिंडरवरच्या खाचा, खटक्याच्या घासणाऱ्या बाजू, इथं त्यांनी पेपर लावलाच नाही, कारण तिथून केसभर लोखंड गेलं तरी सिलिंडर ढिलं होतं आणि मग ते सुंदर दिसणारं धोकादायक हत्यार होतं.

उजव्या बाजूच्या खड्ड्यांबद्दल मात्र मोठा प्रश्न होता. ब्लूइंगचा थर खड्डा भरत नाही, तो रंग नाहीच मुळी, लोखंडाच्याच वरच्या पापुद्र्याचं काळं ऑक्साइड होतं, त्यामुळे खड्डा काढायचा म्हणजे भोवतीचं सगळं लोखंड खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवायचं. बाकी ठिकाणी बरेच निघाले. नंबरच्या शेजारी जे तीन-चार होते ते काढले असते तर शेवटचे दोन आकडे उथळ झाले असते, आणि नंबर पुसणं, बदलणं हा कलम ८ प्रमाणे गुन्हा आहे, चाचा तर त्या भागाला हात लावायलाच तयार नव्हते आणि मलाही ते हवंच नव्हतं. ते खड्डे तसेच आहेत. आजही बोट फिरवलं की लागतात.

मग ऑगस्टमधे ब्लूइंग. मी तीन वेळा जाऊन बसले, पहिल्या हाताला, चौथ्याला आणि शेवटच्याला. सुटे भाग सोड्याच्या पाण्यात उकळून तेलाचा अंश घालवलेला, त्यानंतर उघड्या हातानं शिवायचं नाही, बोटाचा ठसासुद्धा डाग बनून उमटतो. नळीच्या दोन्ही टोकांना लाकडी गुल्ले ठोकलेले, आतल्या भागाला काही लागू नये म्हणून, आणि त्याच गुल्ल्यांना धरून उचलायचं. द्रावण त्यांचं स्वतःचं, शोऱ्याच्या आणि मिठाच्या तेजाबात, म्हणजे ॲसिडात, लोखंडाचा कीस विरघळवून केलेलं, प्रमाण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कापसाचा बोळा बुडवून इतका पिळला की जवळजवळ कोरडा, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच ओढ, परत त्यावरून जायचं नाही. मग लाकडी पेटीत टांगलं, खाली पाण्याचं ताट. चार तासांनी काढलं तर सगळ्या अंगावर केशरी, अगदी बारीक, मखमलीसारखा गंज. ज्या गंजानं मला फेब्रुवारीत रडवलं तो असा मुद्दाम आणवलेला बघून पोटात कसंतरीच झालं.

नंतर उकळतं पाणी. नळाचं नाही, आमच्याकडच्या पाण्यात क्षार फार, डाग पडतात, डिस्टिल्डच वापरतात. स्टीलच्या लांब डब्यात पाणी उकळत होतं, त्यांनी तारेनं नळी आत सोडली आणि मला म्हणाले, देखिए. केशरी रंग आधी मळकट झाला, मग तपकिरी, आणि बघता बघता कडेपासून काळा होत आत सरकला, पाच-सात मिनिटांत केशरी कुठंच नाही. तांबडा गंज म्हणजे लोखंडाचं एक ऑक्साइड, उकळत्या पाण्यात ते दुसरं, काळं ऑक्साइड होतं, मॅग्नेटाइट, जे लोखंडाला घट्ट धरून बसतं. पंधरा मिनिटांनी बाहेर काढलं तर काजळ फासल्यासारखं. मग तेल काढलेल्या अगदी बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं घासलं, सैल काजळी निघाली आणि खाली फिकट राखाडी. मला वाटलं बिघडलं. ते म्हणाले हे तर पहिलं आहे. चौथ्या हाताला पाटीसारखा रंग आला. आठव्याला जांभळावर जी धुरकट छटा असते ना, पुसायच्या आधी, तशी. मधे सहाव्या वेळी सिलिंडरच्या एका घरापाशी फिकट पट्टा राहिला होता, बहुतेक तिथं तेल राहिलं असावं, तर त्यांनी मला न विचारता सिलिंडर पूर्ण उतरवून पहिल्यापासून परत केलं, त्यात सहा दिवस गेले आणि त्याचे जास्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

शेवटी सोड्याच्या पाण्यात उकळून तेजाबाचा अंश मारला आणि सगळे भाग दोन दिवस तेलात बुडवून ठेवले. एकूण नऊ हजार लागले. पहिल्या दुकानानं अडीच सांगितले होते.

जोडून हातात दिलं तेव्हा मी खटका दाबला, नळी झुकली, तारा उचलला गेला, तोच आवाज. डाव्या बाजूला पंखवाली गोळी, प्रत्येक पीस वेगळं दिसतं. मुकुट, बीएनपी, सगळं जागच्या जागी. नळीच्या कडेवरून उजेड सरळ रेषेत जातो, कुठे वाकत नाही. आणि डाव्या बाजूला ती पाच बोटं गेलेली, म्हणजे जवळजवळ गेलेली, खिडकीशी तिरपं धरलं तर मधल्या एकाची जरा सावली दिसते. चाचांना दाखवली तर म्हणाले, ते मला माहीत आहे, त्याच्या शेजारीच शिक्का आहे म्हणून मी तिथं थांबलो.

आता रोज वापरायची वस्तू नाही, तेव्हा महिन्यातून एकदा, रविवारी, पातळ तेलाचा हात. हात लावला की पुसायचं, घामातलं मीठ फार लवकर धरतं. ब्लूइंगनं गंज थांबत नाही, ब्लूइंग तेल धरून ठेवतं आणि ते तेल गंज थांबवतं. खोळ वेगळ्या खणात.

१ ऑक्टोबरला नवमी होती. पाट मांडला, झेंडू, आपट्याची पानं, तलवार, स्लाइडरूल, कात्री. रिव्हॉल्व्हर रिकामं करून, उघडून, पांढऱ्या कापडावर ठेवलं. आईनं करंडा उघडला, कुंकवात पाण्याचे दोन थेंब घातले, बोट भिजवलं आणि सवयीनं हात नळीकडे गेला. मधेच थांबली. मग ताटातलं एक विड्याचं पान उचललं, नळीच्या बाजूला कापडावर ठेवलं, आणि त्याच्यावर पाच बोटं उठवली, एका ओळीत, सारख्या अंतरावर.